बॉनेट अंगणात उघडा, घाटात नको

माझी भाची कराडला शाळेत शिकवते. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी शाळा सुटली की आपली २०१४ सालची पेट्रोल वॅगनआर घेऊन कुंभार्ली घाट उतरते आणि चिपळूणला माझ्या बहिणीकडे येते. रविवारी संध्याकाळी परत वर. गाडी सेकंडहँड. घेतली त्याच आठवड्यात मला म्हणाली, "मामा, चालवता येते मला. पण पुढचं झाकण उघडलं की नुसती आतडी दिसतात. तू दाखव ना एकदा."

मी १९८३ ला एसटीत हेल्पर म्हणून लागलो आणि २०१९ ला फिटर म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं डिझेलच्या बसगाड्यांखाली काढली. तिची गाडी त्यापुढे म्हणजे तीन सिलिंडरचं खेळणं. पण ऑइल, पाणी, ब्रेक, बॅटरी आणि बेल्ट ही पाच दैवतं दोन्हीकडे तीच. एकदा दाखवून भागलं नाही, सात-आठ रविवार गेले. जे तिला सांगितलं तेच इथे लिहितो आहे. हे वाचून कुणी मेकॅनिक होणार नाही. बिघाड चार दिवस आधी कळावा आणि तो बघताना आपला हात भाजू नये, एवढाच मतलब.

वेळ सकाळची, चहाच्या आधीची

गाडी रात्रभर उभी असते, इंजिन पूर्ण गार असतं, ऑइल सगळं खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. बघण्यासारखं जे आहे ते तेव्हाच खरं दिसतं. भाची पहिल्या रविवारी साडेअकराला, बाजारातून आल्या आल्या बॉनेट उघडायला निघाली होती. मी म्हटलं, आता नाही, पुढच्या खेपेला सकाळी. चिडली. पण पुढच्या खेपेला सकाळीच उघडलं.

गाडी सपाट जागी लावायची. कोकणातल्या घरांना सपाट जागा म्हणजे चैनच, पण तेवढी शोधा, नाहीतर ऑइलची पातळी खोटी दिसते. हँडब्रेक ओढायचा, गाडी बंद, किल्ली खिशात. किल्ली गाडीला लटकत ठेवायची नाही, कारण घरातलं कोणीतरी हौसेने येऊन सेल्फ मारतं आणि आपली बोटं इंजिनच्या रबरी बेल्टमध्ये असतात. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली तर घरातच ठेवून या.

मग स्वतःकडे बघा. अंगठी, बांगड्या, धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवा. मंगळसूत्र किंवा साखळी गळ्यात असेल तर आत घाला, ओढणी काढा, केस बांधा. हे काही शिस्त म्हणून सांगत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला आणि बॉडीला अंगठी एकाच वेळी टेकली तर ती अंगठी क्षणात लालबुंद होते आणि बोटातून निघत नाही. आगारात अंगठी घालून बॅटरीकडे जाणाऱ्याला हेड मेकॅनिक आधी शिवी द्यायचा, मग कारण सांगायचा.

झाकण उघडण्याआधी त्यावर दोन थापा मारा. पावसाळ्यात इंजिनची ऊब मांजरांना आवडते, उंदरांना आवडते, आणि उंदरांमागून येणाऱ्यांनाही आवडते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या गाडीत बॅटरीच्या मागे धामण गुंडाळून बसली होती. बिनविषारी, पण उघडणाऱ्याला ते तेव्हा कुठे सुचतं!

बॉनेटचा खटका ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली असतो. तो ओढला की झाकण बोटभर उचकतं आणि थांबतं. ते थांबणं मुद्दाम आहे. आत मधोमध दुसरी कडी असते, ती बोटाने सरकवली की मग पूर्ण उघडतं. आधार द्यायचा दांडा त्याच्याच भोकात बसला आहे ना हे हलवून बघा. आमच्या शेजाऱ्याच्या टाळूला दोन टाके पडलेत ते दांडा भोकाच्या शेजारी टेकवल्यामुळे.

आणि एक पंखा. रेडिएटर म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी जाळी, तिच्यामागचा पंखा विजेवर चालतो. गाडी नुकती फिरून आली असेल तर इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होऊ शकतो. त्याच्या पात्यांत बोट कधीच घालायचं नाही, तो कितीही गरीब दिसो.

ऑइल

पिवळ्या किंवा नारिंगी कडीची पट्टी असते, तिला कोणी डिपस्टिक म्हणतं, आम्ही गेज म्हणायचो. ती ओढा, चिंधीने पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. पहिल्यांदा ओढल्यावर दिसतं ते खरं नसतं, कारण चालताना उडालेलं ऑइल पट्टीभर लागलेलं असतं. पट्टीच्या टोकाला दोन खुणा असतात, काही गाड्यांत रेघा, काहींत भोकं. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी ठीक. वरच्या खुणेलाच टेकलं पाहिजे असा हट्ट नको.

खालच्या खुणेखाली गेलं असेल तर थोडं थोडं घालायचं. पाव लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, परत पट्टी बघा. लोक अर्ध्या रस्त्यात घाबरून सबंध लिटरची बाटली रिकामी करतात. ऑइल जास्त झालं की फिरणारा क्रँक त्याला घुसळतो, लोण्याच्या ताकासारखा फेस येतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. कमी ऑइल जेवढं वाईट, तेवढंच जास्त.

कोणतं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं: ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असं काहीतरी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे गार असताना ते किती पातळ राहतं त्याचा, नंतरचा म्हणजे तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला" असा सल्ला गॅरेजच्या बाकड्यावर फुकट मिळतो. मी पुस्तकाचंच ऐकतो.

आता रंग. पेट्रोल गाडीचं ऑइल नवं असताना मधासारखं, मग हळूहळू तपकिरी. डिझेलचं हजार किलोमीटरच्या आतच काळंभोर होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. पट्टीवर किंवा ऑइल घालायच्या झाकणाच्या आत कॉफीच्या फेसासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलं असण्याची शक्यता आहे, म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट, इंजिनात ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील, गेलेलं. पावसाळ्यात फक्त दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणात ओलाव्यामुळेही थोडा असा थर धरतो. म्हणून पट्टी बघा. पट्टीवरही दुधाळ असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

ऑइल दर महिन्याला उतरत असेल आणि खाली जमिनीवर डाग नसेल तर ते जळतं आहे. हे भाचीला पटेना, "मग जातं कुठे?" म्हणाली. सायलेन्सरमधून, निळसर धुरातून. सकाळी पहिल्या सेल्फला कोणीतरी मागे उभं राहून बघायला हवं.

पाणी, आणि माझ्या डाव्या हातावरचा डाग

१९८७ च्या मे महिन्यात मी रेडिएटरचं एक झाकण उघडलं होतं. घाट चढून आलेली बस, ड्रायव्हर म्हणाला पाणी कमी वाटतंय, मी चिंधी घेतली आणि फिरवलं. अर्धा फेरा फिरला असेल. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. तोंड बाजूला होतं म्हणून डोळे वाचले. चिंधी होती की हातात! चिंधीने काही होत नाही.

का होतं ते समजून घेतलं तर ते कायमचं लक्षात राहतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण घट्ट स्प्रिंगचं असतं, आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कुकरचाच हिशोब. झाकण उघडलंत की दाब एकदम जातो आणि ११० अंशांवर शांत बसलेलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन वर येतं. कुकरची शिटी चालू असताना झाकण ओढणारी बाई मी पाहिली नाही, पण तापलेल्या रेडिएटरला हात घालणारे पुरुष छत्तीस वर्षं पाहिले.

तेव्हा रोजच्या बघण्यासाठी ते झाकण उघडायचंच नाही. शेजारी पांढरट प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर ‘लो’ आणि ‘फुल’ अशा खुणा असतात. गार इंजिनात पातळी या दोहोंच्या मध्ये असली की झालं. तापल्यावर पाणी फुगून बाटलीत येतं, गार होताना परत आत ओढलं जातं. म्हणून तापलेलं बघून फसू नका. काही गाड्यांत वेगळं रेडिएटरचं झाकण नसतंच, बाटलीवरच घट्ट आट्यांचं झाकण असतं. तिथे दाब बाटलीतच असतो, म्हणजे ती बाटलीही तापलेली असताना तितकीच धोक्याची.

आत साधं पाणी नको, कूलंट हवं. चिपळूणच्या नळाचं असो की कराडच्या बोअरचं, क्षारांचा थर धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. आमच्याकडे नदी, विहीर, झरा, जे हाती लागेल ते बसमध्ये ओतलं जायचं, आणि वर्षाअखेर रेडिएटर खोलला की आत चुनखडी. कूलंट तयार मिळतं, किंवा दाट मिळतं आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं असतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. हिरवं, लाल, निळं या रंगांवरून जात कळत नाही, कंपनीगणिक रंग बदलतो. आत कोणतं आहे ते माहीत नसेल तर दोन प्रकार मिसळू नका. आणि सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं; कुत्री चाटतात, लहान मूलही बोट घालून चाटेल. बाटली गोठ्यात, स्वयंपाकघरात ठेवू नका.

बाटली महिन्यात एकदा कपभर उतरली तर घाला आणि लक्ष ठेवा. दर आठवड्याला उतरते आहे तर कुठेतरी गळतंय. रबरी होजच्या क्लिपांजवळ सुकलेले हिरवट-पांढरे ओघळ शोधा. होज गार असताना दाबून बघा: भाकरीच्या पिठासारखा मऊ पडलेला किंवा दाबल्यावर करकरणारा होज बदलायला झालेला असतो.

आता तरीही घाटात गाडी तापलीच तर काय? काट्याने लाल रेघ गाठली किंवा, काही छोट्या गाड्यांत काटा नसतोच, लाल दिवा लागला, तर आधी एसी बंद. हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर मोठा. मे महिन्यात हे ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो तुमच्या पायांवर आणून सोडतो. तेवढ्यात वळण टाळून रुंद जागा गाठा, इंडिकेटरचे चारही दिवे लावा, इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटला हात लावू नका. वाफ थांबल्यावर उघडा आणि किमान पाऊण तास काही करू नका. चहा मिळाला तर घ्या. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातू तडकतो. पूर्ण गार झाल्यावर, बाटली रिकामी असेल तर, झाकणावर जाड कापड ठेवून, तोंड लांब ठेवून, पहिल्या थांब्यापर्यंतच फिरवा. सूं आवाज आला तर अजून वेळ आहे, परत बंद करा. तेव्हा जवळच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी चालतं, फक्त नंतर गॅरेजमध्ये सांगून ते काढून टाका.

चाकामागे दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने तुमचं काय वाकडं केलंय?

ब्रेक ऑइल

ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीला चिकटून छोटी बाटली असते, ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ खुणांची. लोक तिला ब्रेक ऑइल म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण त्यात इंजिन ऑइलचा थेंब जरी गेला तरी रबरं फुगतात आणि ब्रेक जातात. टोपणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच.

इथे भाचीने मला एक चांगला प्रश्न विचारला. पातळी थोडी खाली होती. म्हणाली, "मग घालू?" मी म्हटलं, नको, आधी पॅड बघू. ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजतात तसे त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे ती पातळी तुम्हाला पॅडची खबर देते आहे. दर वेळी वर भरत राहिलात तर खबर बंद. सहा महिन्यांत थोडी उतरली तर पॅड झिजले. दोन दिवसांत उतरली तर गळती, मग गाडी जागची हलवायची नाही. तिचे पुढचे पॅड खरंच पातळ निघाले.

डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय का बघा. सुटलेला असून दिवा आहे, तर बाटली बघा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेल्या डॉट ४ साठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर डिस्कजवळ एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो; वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल नुसतं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आमच्या कोकणात पावसाळा असा की भिंती घाम गाळतात. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, गाडी कमी चालली तरी. आणि उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतलं घालायचं नाही, सीलबंद लहान बाटली घ्या. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतो, लगेच पाणी मारा.

ब्रेक वाचवायचे ते मुळात पायाने. हेळवाकहून पोफळीकडे उतरताना मी तिला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरायला लावतो: ज्या गिअरवर चढला असता, त्याच गिअरवर उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक मारायचा तो थोडा आणि ठाम, मग सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे आजही आहेत, काही महाभाग तर किल्लीही बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळत नाही. एक-दोन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. काय वाचलं? पावशेर पेट्रोल. पेडल मऊ लागलं, जळका वास आला, तर थांबा आणि गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नका, ती वाकडी होते.

बॅटरी

सहा सेल, १२ व्होल्ट. धड भरलेली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले की चार्जिंग होतं आहे. व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर घरात असू द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साठते. खाण्याचा सोडा पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. तार सोडवायची असेल तर काळी, म्हणजे वजा, आधी काढा. जोडताना ती शेवटी. कारण साधं आहे: गाडीची सगळी बॉडी वजा असते. काळी जोडलेली असताना तुमचा दहा नंबरचा पाना लाल टर्मिनल आणि बॉडी यांना एकदम टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. काळी आधी सुटली की पाना कुठेही लागो.

पाणी घालायच्या टोप्या असलेली बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर, बस. बघायला काडी पेटवू नका. हसू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि लायटर धरून बघणारा मी पाहिला आहे.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना तारांचा क्रम असा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे तर इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती हायड्रोजनजवळ पडू नये म्हणून. काढताना उलट क्रम.

उरलेलं, पटापट

बेल्ट: सकाळी सुरू करताना किंवा एसी लावताना किंचाळत असेल तर सैल किंवा घासलेला. बंद गाडीत टॉर्च मारून आतल्या बाजूला भेगा बघा. चालू इंजिनवर वाकून बेल्ट बघायचा नाही.

एअर फिल्टर: दोन-चार क्लिपा काढल्या की निघतो. ऊसतोडीच्या दिवसांत कराडकडून आलेल्या फिल्टरमधून मुठीभर धूळ निघते. आपटून झटका; हवा मारायचीच तर आतून बाहेर मारा, नाहीतर धूळ कागदात अजून रुतते. काळाठिक्कर झाला की नवा.

काचेच्या पाण्याची टाकी: निळ्या टोपणाची, वायपरचं चित्र असलेली. ती आणि कूलंटची बाटली यांत गल्लत करू नका, बाकी तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

वायरिंगवर मात्र थांबतो. उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः चार-आठ दिवस न हललेल्या गाडीत. लेंड्या, सुक्या पानांचं घरटं, कापसासारखे तुकडे दिसले तर सोललेली वायर शोधा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. आमच्याकडे लोक तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवतात. गुण येतो की नाही यावर पैज लावणार नाही, पण ठेवायचीच तर सायलेन्सरच्या तापणाऱ्या भागापासून लांब ठेवा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. पंधराच्या जागी तीसचा घातला की हॉर्न वाजेल खरा, पण मग फ्यूजऐवजी वायर जळेल. दुकानात बसवलेले जादा दिवे आणि मोठे हॉर्न रिलेशिवाय, म्हणजे जादा करंट झेलणाऱ्या स्विचशिवाय, जोडलेले असतील तर ते काढून नीट जोडून घ्या.

नव्या डिझेल गाडीत गळती हाताने चाचपडून शोधू नका. पंपापुढच्या नळीत हजार बारच्या वर दाब असतो, सुईसारखी धार कातडीत शिरते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर त्या आपल्यासाठी नाहीत. सीएनजी असेल तर टाकीची तीन वर्षांची तपासणी चुकवू नका, आणि वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता सगळे उतरा.

बॉनेटखालून धूर आणि जळकं रबर असा वास आला तर गाडी बाजूला, इंजिन बंद, आधी माणसं बाहेर. बॉनेट सताड उघडायचं नाही. आगीला तेवढ्या हवेचीच वाट असते. खटका ओढून बोटभर फट पडली असेल तर त्या फटीतून आग विझवायचं पावडरचं नळकांडं मारा, नाहीतर लांब जा आणि ११२ लावा. नळकांडं पुढच्या सीटखाली ठेवायचं. डिकीत सामानाखाली ठेवलेलं मला कधीच कुणाच्या हाती लागलेलं दिसलं नाही.

पुराचं पाणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर आमच्या गल्लीतल्या एकाने सीटपर्यंत बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला. "बघू तरी" म्हणून. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. तोवर ती गाडी साफसफाई आणि ऑइल बदलून चालली असती. सेल्फच्या त्या एका झटक्याने सबंध इंजिन गेलं.

बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका. लाइट लागतात का हेही बघू नका. पाणी उतरल्यावर बॅटरीची काळी तार काढा, चिखलासकट गाडीचे फोटो काढून विम्याला कळवा, आणि टो करून न्या. चालती गाडी पाण्यात बंद पडली तरी तेच: दुसऱ्यांदा सेल्फ नाही. रस्त्यावरचं पाणी चाकाच्या निम्म्यावर दिसलं की मी गाडी घालत नाही, मागचे कितीही हॉर्न मारोत.

झाकण लावताना

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं होतात. ऑइलची पट्टी आत, सगळी टोपणं घट्ट, दांडा परत त्याच्या खाचेत. झाकण हाताने दाबून बसवायचं नाही, पत्रा वाकतो. फूटभर वरून सोडून द्यायचं, खट् असा आवाज आला पाहिजे, आणि मग कडेला हात घालून ओढून बघायचं की कडी बसली आहे. नुसतं पहिल्या खटक्यावर राहिलेलं बॉनेट ऐंशीच्या वेगाला उडून काचेवर येतं.

पण झाकण सोडण्याआधी मोजायचं. मी एकदा मेव्हण्याच्या गाडीत चिंधी विसरलो होतो, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर. खेर्डीच्या पुढे धूर निघाला, वेळेवर कळलं म्हणून नुसती चिंधीच जळली. तो अजून लग्नाकार्यात हे सगळ्यांना सांगतो. तेव्हापासून इंजिनवर जाताना मोजून नेतो आणि मोजून परत आणतो.

रविवारी सकाळी मी ओटीवर चहा घेत बसतो आणि अंगणातून तिचा आवाज येतो: "पाना एक, टॉर्च एक, चिंध्या दोन. मामा, सोडू?"